हिरवं करायला दुसरा लागतो

आमच्या वाचनालयाच्या दाराशेजारी एक फळा आहे. नव्या पुस्तकांची यादी त्यावर लागायची. एका नोव्हेंबरात मी ती यादी पुसली आणि सतरा मुलामुलींची नावं खडूने लिहिली. प्रत्येक नावापुढे शून्य घातलं. दुपारच्या सुट्टीत फळ्यापुढे गर्दी झाली. मला मनापासून बरं वाटलं, कारण त्याआधीची दोन वर्षं मी एका कामासाठी माणसं गोळा करत होते आणि माणसं टिकत नव्हती.

मी जामखेडच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. खर्डा, नान्नज, साकत, अरणगाव, जवळा अशा गावांतून मुलं एसटीने येतात आणि एसटीच्या वेळेनेच जातात. मी ज्या कामाबद्दल सांगते आहे ते मराठी विकिस्रोताचं. विकिपीडिया पुष्कळांना माहीत असतो. विकिस्रोत हे त्याचंच भावंड, पण तिथे लेख लिहायचे नसतात. स्वामित्वहक्क संपलेली, किंवा लेखकाने वा वारसांनी खुली केलेली पुस्तकं तिथे अक्षरन् अक्षर उतरवली जातात. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११ पासून त्यांचं लेखन सर्वांचं झालं. शरद जोशींची ‘अंगारमळा’, ‘चांदवडची शिदोरी’ ही पुस्तकंही तिथे आहेत. पुस्तकाच्या पानाचा फोटो पडद्याच्या एका बाजूला असतो आणि यंत्राने ओळखलेला मजकूर दुसऱ्या बाजूला. यंत्र चुका फार करतं. ‘भ’चा ‘म’ होतो, ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘ख’ फुटून ‘रव’ होतो, अनुस्वार तर पावसात धुऊन गेल्यासारखे नाहीसे होतात. माणसाने ओळीवर बोट ठेवून वाचायचं आणि दुरुस्त करायचं. न वाचलेलं पान लाल दिसतं. एकाने वाचून दुरुस्त केलं की पिवळं. दुसऱ्याने पुन्हा पडताळलं की हिरवं. ज्याने पिवळं केलं त्याला ते हिरवं करता येत नाही. यंत्रणाच करू देत नाही.

या शेवटच्या नियमाचा अर्थ मला फार उशिरा कळला.

सुरुवातीला मी एक दिवसाची कार्यशाळा घेतली होती. प्रमाणपत्र मिळणार म्हटल्यावर वाचनालय भरलं, आणि प्रमाणपत्रं वाटून झाल्यावर पुन्हा कोणी आलं नाही. मग गेमिफिकेशन हा शब्द वाचनात आला. कामाला खेळाचे गुण, पायऱ्या, पदकं, क्रमवारी जोडायची, म्हणजे नवी माणसं ओढली जातात, असा त्याचा आशय. भारतीय भाषांतल्या विकिस्रोतांसाठी २०२० साली, टाळेबंदीच्या मे महिन्यात, मुद्रितशोधनाची स्पर्धा झाली होती हे मला माहीत होतं. म्हणून मीही फळा मांडला. पिवळ्या पानाला तीन गुण, हिरव्याला एक. पंधरा दिवस. पहिल्या तिघांना पुस्तकं बक्षीस.

पहिला आठवडा फार आनंदाचा गेला. वाचनालयात सहा संगणक आहेत आणि सहाही रिकामे राहत नव्हते. ज्यांना संगणक मिळत नव्हता ते मोबाइलवर बसत. मोबाइलवर पान आणि मजकूर शेजारी मावत नाहीत, सारखं वर-खाली करावं लागतं, तरी बसत. लाइट गेली की सगळे एकदम ओरडत. सकाळी आल्या आल्या मुलं फळ्याकडे बघत, आदल्या रात्री कोण पुढे गेलं ते वाचत आणि मग वर्गात जात. कोणीही मला ‘मॅडम, याचा उपयोग काय’ असं विचारलं नाही.

नवव्या दिवशी एका मुलाने एका दिवसात बासष्ट पानं पिवळी केली. मी त्याचं कौतुक केलं आणि संध्याकाळी सहज एक पान उघडून वाचायला बसले. शेतमालाच्या भावाविषयीचं पान होतं. यंत्राने वाचलेला शब्द तिथे तसाच होता : ‘शेतमालाचा माव’. त्याच पानावर तो चार वेळा होता. पुढच्या पानावर ‘धर’ होतं, तिथे ‘घर’ हवं होतं. त्यापुढच्या पानावर एक अख्खी ओळ नव्हती. मुलाने पान उघडलं होतं, पिवळं बटण दाबलं होतं आणि पुढे गेला होता. कामावर नुसत्या पाट्या टाकणं म्हणतात, तसं.

मी त्याला दुसऱ्या दिवशी बाजूला घेतलं. रागावणारच होते. पण त्याने सरळ सांगितलं, ‘मॅडम, फळ्यावर पानं मोजतात. मी पानं केली.’ मी काही बोलले नाही. मी त्याच्याकडून संख्या मागितली होती आणि त्याने संख्या दिली होती. वाच, असं त्या फळ्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्या बासष्ट पानांचं काम नंतर मी आणि आणखी दोघींनी मिळून केलं. लाल पानापेक्षा खोटं पिवळं पान जास्त त्रासाचं असतं. लाल पान निदान सांगतं की मला कोणी वाचलेलं नाही.

दुसरी गोष्ट मला तेव्हा दिसली नाही, फळा पुसताना दिसली. वरचे तिघे खूप वर होते. खालच्या चौदा जणांपैकी नऊ जणांनी दुसऱ्या आठवड्यात एकही पान केलं नव्हतं. कसं करणार? वरच्यांना गाठणं शक्य नाही हे त्यांना फळा रोज सकाळी सांगत होता. सर्वांत खाली एका मुलीचं नाव होतं, पुढे आकडा बारा. चार पानं. मी ती चार पानं उघडली. त्यांत मला एकही चूक सापडली नाही. अर्धवट दिसणाऱ्या एका शब्दाबद्दल तिने पानाच्या चर्चेत प्रश्न लिहून ठेवला होता. त्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

जामखेड तालुक्यात दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या गाड्या भरतात. त्या मुलीचे आईवडील गेले होते. घरी आजी, दोन लहान भाऊ आणि चौघांत एक मोबाइल. पंधरा दिवसांची शर्यत मी नेमकी नोव्हेंबरात लावली होती, आणि आमच्या भागात नोव्हेंबर म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मी याच तालुक्यातली आहे.

बक्षिसं वाटली. सोमवारी सहाही संगणक रिकामे होते.

त्या हिवाळ्यात मी बरंच वाचलं. खेळ लावून माणसं जमवण्याचे प्रयोग जगात पुष्कळ झालेले आहेत आणि त्यांचे निकाल एकसारखे नाहीत. इंग्रजी विकिपीडियावर नवख्यांसाठी ‘विकिपीडिया अ‍ॅडव्हेंचर’ नावाचा शिकवणीचा खेळ केला होता. टप्पे, बिल्ले, गोष्ट, सगळं होतं. खेळणाऱ्यांना तो आवडला. पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की तो खेळण्याचं निमंत्रण मिळालेले नवखे पुढे इतरांपेक्षा जास्त काम करत नव्हते. ‘ओल्ड वेदर’ नावाच्या प्रकल्पात ब्रिटिश युद्धनौकांच्या जुन्या नोंदवह्यांतून हवामानाच्या नोंदी उतरवायच्या होत्या. ज्या जहाजाच्या नोंदी जो सर्वांत जास्त उतरवेल तो त्या जहाजाचा कॅप्टन. काहींना त्याचं वेड लागलं. काहींनी ‘याला कधीच गाठता येणार नाही’ म्हणून हात आखडले, आणि अभ्यासकांनी ते २०१३ साली नोंदवून ठेवलं. मला माझा फळा आठवला.

उलट उदाहरणंही होती. वॉशिंग्टन विद्यापीठातून २००८ साली ‘फोल्डइट’ हा खेळ आला. प्रथिनाची साखळी पडद्यावर वळवून-मुडपून तिची घडी शोधायची. माकडांमधल्या एड्ससारख्या रोगाशी संबंधित विषाणूच्या एका विकराची रचना शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षं सापडत नव्हती. २०११ साली खेळाडूंनी तीन आठवड्यांत अशी घडी शोधली की शास्त्रज्ञांना तिच्यावरून रचना उलगडता आली. यावर मी पुष्कळ विचार केला. तिथेही गुण आहेत, क्रमवारी आहे. पण गुण मिळतात ते घडी किती नीट बसली त्याचे. किती वेळा वळवलं त्याचे नाहीत. गुण आणि काम तिथे एकच आहेत. माझ्या फळ्यावर ते वेगळे होते.

आणि एक लहानसा प्रयोग. याना गॅलस या संशोधिकेने जर्मन भाषेतल्या विकिपीडियावर नव्याने आलेल्यांपैकी काहींना एक सन्मान दिला. पैसे नाहीत, वस्तू नाही, नुसती एक खूण, एवढंच. ज्यांना तो मिळाला त्यांचं पुढच्या महिन्यात टिकून राहण्याचं प्रमाण न मिळालेल्यांपेक्षा २० टक्क्यांनी जास्त होतं. फरक पडला तो कुणीतरी आपल्या कामाची दखल घेतली, याचा. मला त्या मुलीचा अनुत्तरित प्रश्न पुन्हा आठवला.

हे सगळं वाचत होते आणि डोळ्यांपुढे मात्र आमच्या शेतातली ज्वारीची काढणी येत होती. माझ्या लहानपणी इर्जिक घालायचे. एकाच्या रानात सगळी वाडी उतरायची, त्या दिवशीचं जेवण त्याच्याकडे. भलरी म्हणत काढणी चालायची. एक आवाज पुढे, बाकीचे मागे. चेष्टा, आरोळ्या, घाई, सगळं होतं. खेळच तो. प्रत्येकाची पात ठरलेली असायची. पात म्हणजे आपल्या वाट्याचा पट्टा. पण जिची पात मागे राहायची तिच्या पातीतली चार ताटं शेजारची बाई बोलता बोलता काढून टाकायची, कारण सगळी रांग बांधाला एकदम लागायला हवी. कोणी किती ताटं काढली ते कोणी मोजल्याचं मला आठवत नाही. रान किती राहिलं ते मात्र सगळे मान वर करून बघत.

जानेवारीत मी फळ्यावर नावं लिहिली नाहीत. एका लहान पुस्तकाची चौकट आखली, जितकी पानं तितके चौकोन, आणि ते सगळे लाल खडूने भरले. शेजारी पिवळा आणि हिरवा खडू ठेवला. मुलांच्या जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला दहा पानांची पात दिली. एकाने पिवळं करायचं, जोडीदाराने हिरवं. पिवळ्याचा हिशेब ठेवायचा नाही. हिरव्याचा ठेवायचा, आणि तो दोघांचा. मुदत ठेवली नाही. पुस्तक बांधाला लागलं की सगळ्यांना वडापाव, एवढंच ठरवलं.

बासष्ट पानं करणारा मुलगा आणि चार पानं करणारी मुलगी यांची जोडी मी मुद्दाम लावली. पहिल्याच दिवशी भांडण झालं. पुस्तक जुन्या शुद्धलेखनातलं होतं, १९६२ च्या नियमांआधीचं. ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘तेथें’ असे अनुच्चारित अनुस्वार पानभर होते. मुलाने या वेळी खरोखर वाचलं होतं आणि वाचून ते सगळे अनुस्वार चुका म्हणून काढले होते. मुलीने एकेक परत घातले. तो चिडून माझ्याकडे आला. मी त्याला सांगितलं की विकिस्रोतावर छापील पान जसं आहे तसं ठेवायचं, आपलं व्याकरण लेखकावर लादायचं नाही. आणि मग ते टिंब कुठून आलं, कोणत्या अक्षराची ती खूण आहे, १९६२ साली ते का गेलं, हे सांगता सांगता तास गेला. आजूबाजूच्या मुलांनी संगणक सोडून ऐकलं. मी वाचनालयात कधी मराठीचा तास घेतला नव्हता.

असं म्हणू नये की जोड्यांनी सगळं सुटलं. दोन जोड्या पहिल्याच आठवड्यात मोडल्या. एका जोडीत मैत्रिणीने मैत्रिणीची पानं न वाचता हिरवी केली, मैत्री म्हणून. तिथे मला पुन्हा जोड्या बदलाव्या लागल्या. सतरातले सातच उरले. पण त्या सातांचं हिरवं पान मी कुठूनही उघडलं तरी मला रात्री निर्धास्त झोप लागते, इतकं ते विश्वासाचं असतं.

मधल्या काळात आम्ही फोटोंचाही प्रयोग केला. ‘विकी लव्हज मॉन्युमेंट्स’ ही स्मारकांच्या छायाचित्रांची स्पर्धा नेदरलँड्समध्ये २०१० साली सुरू झाली आणि जगभर गेली. तिचं नाव ऐकून मुलांना घेऊन खर्ड्याच्या किल्ल्यावर गेले. ११ मार्च १७९५ ला मराठे आणि निजाम यांच्यात जी लढाई झाली तिला याच गावाचं नाव आहे. पहिल्या फेरीत सगळ्यांनी दरवाजाचे फोटो काढले, बहुतेक एकाच कोनातून. दुसऱ्या फेरीला मी सांगितलं, जे आपल्या कुणाच्याच मोबाइलमध्ये नाही तेच काढायचं. मग मुलं तटाच्या कडेकडेने गेली, भिंतीतल्या चिरा बघितल्या, गावातल्या म्हाताऱ्यांना थांबवून विचारलं. तो खेळ चांगला जमला.

पण मला सांगायचं आहे ते चार पानं करणाऱ्या त्या मुलीच्या आजीबद्दल.

त्या मुलीच्या पातीत मोटेचं वर्णन असलेलं एक पान आलं. छपाई पुसट होती. यंत्राने शब्द वाचला होता ‘नाडी’. मुलाने तो तसाच ठेवला, कारण नाडी हा खरा शब्द आहे आणि वाक्यात खटकत नव्हता. मुलीला तो पटला नाही, पण बरोबर कोणता तेही सांगता येईना. तिने मोबाइलवर पानाचा फोटो घेतला आणि घरी आजीला वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी ती आली ती ‘नाडा’ घेऊन. मोट ज्या जाड दोराने ओढतात तो नाडा. पुढच्या रविवारी मी तिच्या घरी गेले, आजीला भेटायला.

आजी म्हणाली, ‘बाई, मी नाडा आधी धरला आणि नाडी मग. नाडी बघायला मला जामखेडात शिकवलं.’

आजी डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांच्या प्रकल्पातली गावची आरोग्यसेविका होती. १९७० साली या दांपत्याने जामखेडला काम सुरू केलं. बालमृत्यूचं प्रमाण तेव्हा दर हजारी १७६ सांगतात. त्यांनी गावांना आपापली बाई निवडायला सांगितलं. निवडलेल्यांत पुष्कळ जणींना अक्षरओळख नव्हती, पुष्कळ जणी गावकुसाबाहेरच्या होत्या. पगार नव्हता. त्या आठवड्याला जामखेडला येत, शिकत आणि परत जाऊन गावात करत. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरचे लोक ‘जामखेड मॉडेल’ शिकायला येऊ लागले. आम्ही इथे राहतो म्हणून ते आम्हाला रस्त्यावरच्या वडासारखं झालं आहे, रोज दिसतं म्हणून दिसत नाही. मी स्वयंसेवक कसे टिकवावेत ते वॉशिंग्टन आणि जर्मनीत शोधत होते.

मी आजीला विचारलं, पैसे नव्हते, मग दर आठवड्याला कशासाठी जायचात? घरचे ओरडत नव्हते?

‘ओरडायचे की. पण तिथं गेलं की आधी विचारायचे, तुझ्या गावात या आठवड्यात काय झालं. मी सांगायची, आणि सगळ्या ऐकायच्या. माझं चुकलं असलं तर दुसऱ्या गावची बाई सांगायची, आमच्याकडं असं केलं. मला आधी कुणी काही विचारलंच नव्हतं.’

एवढं बोलून ती भाकरी थापायला उठली. मी नात आणि तिचे दोन भाऊ यांच्याबरोबर जेवले.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. वाचनालयात आल्यावर पहिली पंधरा मिनिटं कोणीही संगणकाला हात लावत नाही. काल कुठे अडलं ते प्रत्येकाने सांगायचं. एकाला ‘पाभर’ अडते, एकाला ‘अधेली’. कोणाला उत्तर येत असेल तर तो देतो, नसेल तर शब्द घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी परत येतो. चर्चापानावर विचारलेल्या प्रश्नाला मी त्याच दिवशी उत्तर देते, उत्तर माहीत नसेल तर ‘वाचलं, शोधते’ एवढं तरी लिहिते. फळ्यावर चौकोन आहेत. शेवटचा चौकोन हिरवा झाला त्या दिवशी ठरल्याप्रमाणे वडापाव आणले आणि दुसरं पुस्तक मांडलं.

मुलीचे आईवडील परत आले, पुढच्या दसऱ्यानंतर पुन्हा गेले. त्या नोव्हेंबरात ती पाच आठवडे आली नाही. तिची पात तिच्या जोडीदाराने अडू दिली नाही, आणि फळ्यावर तिच्या न येण्याची कुठे खूण झाली नाही. डिसेंबरात एका दुपारी ती येऊन संगणकावर बसली आणि आपलं जुनं एक पान उघडलं. ते तिने पिवळं करून ठेवलेलं होतं. आता हिरवं होतं. तिला वाटलं जोडीदाराने केलं. तो नाही म्हणाला. तिने पानाचा इतिहास उघडला. तिथे एक सदस्यनाव होतं, आमच्यापैकी कोणाचंच नव्हतं. त्याने तिचा एक विसर्ग दुरुस्त केला होता, बाकी सगळं तसंच ठेवलं होतं.

‘मॅडम, हे कोण?’

मला माहीत नव्हतं. पुण्याचा असेल, अमेरिकेतला असेल, शेजारच्या कर्जतचा असेल.

ती थोडा वेळ त्या नावाकडे बघत राहिली. मग तिने त्या सदस्याचं योगदान उघडलं, त्याने पिवळं केलेलं एक पान शोधलं, खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.